'दाहक पेशीमृत्यू': यात जळतं काय?

वारजेकरीण: नमस्कार मंडळी. बर्ड फ्लूवरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करतेय. लेखकाने पायरोप्टोसिससाठी, म्हणजे पेशी मरण्याच्या एका प्रकारासाठी, 'दाहक पेशीमृत्यू' वापरलाय. वाक्य असं: 'एच५एन१ विषाणू फुप्फुसातल्या भक्षक पेशींमध्ये दाहक पेशीमृत्यू घडवतो.' सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "म्हणजे पेशींना अग्नी देतात?" दाह म्हटलं की त्यांना थेट वैकुंठ स्मशानभूमीच आठवते. दुसरा शब्द आहे का?

पेठेतला काका: सासूबाईंना हसू नका, मुळातही आगच आहे. ग्रीकमध्ये पायर म्हणजे अग्नी, प्टोसिस म्हणजे गळून पडणं. शब्द २००१चा, कुकसन आणि ब्रेनन यांनी घडवलेला. थोरला भाऊ ॲपोप्टोसिस, म्हणजे पेशीचं गुपचूप मरणं, १९७२चा, त्यात पानं-पाकळ्या गळण्याची कल्पना. त्याला मी 'पेशींची पानगळ' म्हणतो. कोशात नसेल, नसू दे.

अर्धा वैद्य: 'शोथकारी पेशीमृत्यू'? शोथ म्हणजे सूज, आयुर्वेदातला तयार शब्द.

वारजेकरीण: शोथ वाचून निम्मे वाचक 'शोध'ची मुद्रणचूक कळवतील हो.

पाषाणची सूक्ष्मदर्शी: आधी घडतं काय ते बघू. विषाणू शिरला की पेशीतल्या एनएलआरपी३ नावाच्या पहारेकरी प्रथिनाला चाहूल लागते. विषाणूचं एम२ प्रथिन आतला आयनांचा तोल बिघडवतं, हीसुद्धा एक खूण. मग पहारेकरी जुडगा करतात, तो इन्फ्लमासोम. त्यातून कॅस्पेज-१ हे कात्रीसारखं प्रथिन जागं होतं, ते गॅसडर्मिन डी हे दुसरं प्रथिन कापतं आणि कापलेले तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात. पाणी आत शिरतं, पेशी टम्म फुगून फुटते आणि इंटरल्यूकिन-१ बीटासारखे निरोप बाहेर सांडतात. पानगळीत पेशी आक्रसते, तिच्या पुड्या होतात, भक्षक पेशी त्या गुपचूप गिळतात. शेजारी पत्ता लागत नाही. इथे मात्र पेशी बोंब ठोकून मरते. बोंब आटोक्यात असली तर विषाणू कोंडला जातो, फार झाली तर फुप्फुसच सोलवटतं.

म्हणजे पेशी जळत नाही, आजूबाजूला दाह पेटवते. आपल्याकडे 'दाहक' म्हणजे पोळणारं: दाहक ऊन, दाहक वास्तव. मी 'दाहजनक' म्हणेन. आणि 'घडवतो' खटकतं. मारेकरी एकटा विषाणू नाही, कळ पेशीच दाबते.

पेठेतला काका: 'दाहजनक' मान्य. 'आत्मघात' नको, त्यात हताशपणा येतो.

बारामतीचा पोल्ट्रीवाला: विषय निघालाच आहे म्हणून. १९१८च्या फ्लूला आपली माणसं मानमोडी म्हणायची. कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही आम्ही मानमोडीच म्हणतो. नाव एक, विषाणू वेगळे. २००६ला नवापुरात बर्ड फ्लू आला, त्याला मात्र कुणी मराठी नाव दिलं नाही. बर्ड फ्लू तो बर्ड फ्लूच राहिला.

वारजेकरीण: असं केलं: 'एच५एन१ची चाहूल लागताच फुप्फुसातल्या काही भक्षक पेशी फुटून मरतात आणि भोवती दाह पसरवतात. हा दाहजनक पेशीमृत्यू, म्हणजेच पायरोप्टोसिस.' सासूबाई म्हणाल्या, "फुटतात, एवढं आधीच सांगायचं ना!"

पेठेतला काका: फुप्फुस की फुफ्फुस?

वारजेकरीण: काका, वेगळा धागा काढा.