मदत हवी आहे: दोन निर्देशांकांची चार्टवर तुलना करताना निकालच उलटतोय

नमस्कार मंडळी,

आपला निफ्टी ५० आणि अमेरिकेचा एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकांत सरस कोण, हे चार्टवरून बघतोय आणि एका जागी अडलोय. दोन्ही एकत्र टाकले की एकाची रेघ वर, दुसऱ्याची तळाला चिकटलेली. म्हणून टक्केवारीची पट्टी लावली, म्हणजे दोघेही शून्यावरून निघतात. शेवट ३१ डिसेंबर २०२१ धरला.

३१ डिसेंबर २०१९ पासून मोजलं तर निफ्टी १२,१६८ वरून १७,३५४, म्हणजे ४२.६ टक्के वर. एस अँड पी ३,२३१ वरून ४,७६६, म्हणजे ४७.५ टक्के. पण २३ मार्च २०२० च्या तळापासून मोजलं की निफ्टी १२८ टक्के आणि एस अँड पी ११३! तारीख सरकवली की विजेता बदलतो, मग विसंबायचं कशावर?

'रिलेटिव्ह स्ट्रेंथ बघा' असं वाचून दोन्हींना आरएसआय (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स) लावला. ज्याचा जास्त तो बलवान, असं धरू का? आणि मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (मागच्या ठरावीक दिवसांची सरकती सरासरी) कशावर काढू?

प्रतिसाद १

आरएसआय यासाठी नाही. तो निर्देशांकाची स्वतःच्याच मागच्या हालचालीशी तुलना करतो, सहसा १४ दिवसांच्या. नावसाधर्म्यामुळे बरेच जण इथे फसतात.

तुम्हाला हवा रेशो चार्ट: निफ्टी भागिले एस अँड पी. तुमचेच आकडे घ्या. २०१९ अखेर ३.७७, मार्चच्या तळाला ३.४०, २०२१ अखेर ३.६४. म्हणजे निफ्टी आधी जास्त पडला, मग जास्त उसळला, पण जुनी पातळी काही गाठली नाही. तुमचे दोन्ही निकाल खरेच होते, ते एकाच रेषेचे दोन तुकडे आहेत. सुरुवात कुठूनही धरा, या रेषेचा आकार तोच राहतो. ट्रेंडलाइन (कल दाखवणारी रेघ) आणि मूव्हिंग अ‍ॅव्हरेज हिच्यावरच काढा.

चार्ट साप्ताहिक ठेवा. आपला बाजार बंद होतो तेव्हा अमेरिकेचा उघडलेलाही नसतो, सुट्ट्याही वेगळ्या, त्यामुळे रोजच्या रेशोत खोटे खाचखळगे दिसतात. २०० दिवसांऐवजी ४० आठवड्यांची सरासरी चालते.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: रेशो चढतोय म्हणजे निफ्टी वाढतोयच असं नाही. दोघे पडत असले आणि निफ्टी कमी पडत असला, तरी रेषा वरच जाते. म्हणून रेशोच्या खाली निफ्टीचा साधा चार्टही उघडा ठेवा.

धागाकर्ता

खूप आभार, रेशो लावल्यावर चित्र एकदम मोकळं झालं. जर्मनीच्या डॅक्सशीही असंच करू का?

प्रतिसाद १

तिथे थांबा. डॅक्सचा नेहमी दाखवतात तो आकडा लाभांश धरून असतो, निफ्टीचा नसतो. त्यामुळे डॅक्ससमोर निफ्टी ५० टीआरआय, म्हणजे लाभांश धरून काढलेला निफ्टी, ठेवा. शिवाय परदेशी गुंतवणुकीचा विचार असेल, तर दोन्ही एकाच चलनात आणल्याशिवाय रेशो काढू नका.