मदत हवी आहे: तरुण मिडफिल्डरचा खेळ कसा जोखावा?

२०२४ च्या एफए कप या इंग्लिश फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने मँचेस्टर सिटीला २-१ असे हरवले, तेव्हा युनायटेडचे दोन्ही गोल गार्नाचो आणि कोबी मेनू या क्लबच्या अकादमीतून आलेल्या १९ वर्षांच्या खेळाडूंनी केले होते. तोच संघ पुढच्या प्रीमियर लीग हंगामात १५ व्या स्थानावर घसरला, याची खंत अजून जात नाही. बचावपटू पाठीला चिकटलेला असतानाही मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) मेनू चेंडू घेऊन किती सहज वळतो, हे मला दिसते. मात्र चेंडू गमावल्यावर मधल्या फळीत पडणारे खिंडार त्याच्यामुळे पडते की संघाच्या रचनेमुळे, हे मला ठरवता येत नाही. सामना पाहताना नेमके कशावर लक्ष ठेवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.