मदत हवी आहे : अंतराळात हिंडणाऱ्या पोरसवदा देवांचं कॉमिक काढतोय, पण हसूच येईना

रंकाळ्याचा बगळा :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा आज पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी दिवसा उद्यमनगरात एका कारखान्यात कॅडवर मशीनच्या पार्टची ड्रॉइंगं काढतो आणि रात्री कॉमिक. विषय असा की नवग्रह सगळे अजून पोरं आहेत, सोळा-सतरा वर्षांची, देवपण नुकतंच मिळालंय, म्हणजे लायसन हातात आहे पण घरचे गाडीची किल्ली देईनात असला प्रकार. मग शनी, मंगळ, बुध, राहू, केतू आणि शनीची सावत्र बहीण यमी असे मिळून एक भंगारातलं यान दुरुस्त करतात आणि कुणाला न सांगता अंतराळ हिंडायला निघतात. ऐकायला बरं वाटतंय का? मलाही वाटलं होतं. चोवीस पानं काढून झाली आणि भाचीला वाचायला दिली, सहावीत आहे, पांढऱ्या रश्श्यात जास्त पाणी पडलं तरी तोंडावर सांगणारी. एकदाही हसली नाही. वही मिटून म्हणाली, "मामा, देव हायत तर यान कशाला पायजे? आणि राक्षस आला की अस्त्र सोडत्यात, त्यो मरतोय, मग दुसरा येतोय. त्यात काय एवढं?"

तेव्हापासून पेन हातात धरवत नाही. चित्रं बरी आहेत असं लोक म्हणतात पण विनोद कुठं गंडतोय ते कळेना. दुसरं म्हणजे भाषा. माझे देव कोल्हापुरी बोलतात, ते ठेवू का पुस्तकी करू? आणि छापायचं म्हटलं तर सगळीकडं काळं आकाश आहे, एक नमुना प्रिंट काढली तर आकाश पाटीसारखं राखाडी आलंय. आई वेगळीच म्हणते, देवांची चेष्टा करतोस, शनिवारी तेल घालून ये. सांगा काय करू.

तर्री वेगळी द्या :
पानं टाक की भावा आधी, न बघता काय सांगणार. बाकी विषय नाद खुळा आहे. फक्त अंतराळात टोल नाका दाखवू नकोस, कोल्हापूरचे देव टोल देणार नाहीत, तिथंच आंदोलन सुरू होईल आणि गोष्ट पुढं जायची नाही.

रंकाळ्याचा बगळा :
अहो आठव्या पानावर नाकाच आहे :( त्रिशंकू उलटा लटकून पावत्या फाडतोय.

मसाई पठार :
त्रिशंकू ठेवा, पावत्या काढा. त्याला पत्ता सांगायला बसवा. उलटा लटकलाय, वर म्हणजे खाली आणि खाली म्हणजे वर, ही पोरं त्याचं ऐकून भलतीकडंच जाणार. आणि तो खरोखर दिसतो हो आपल्याकडनं, एप्रिल-मे महिन्यात रात्री पन्हाळ्याच्या बाजूला अंधारात उभं राहून दक्षिणेला अगदी क्षितिजालगत बघा, चार ताऱ्यांचा लहानसा क्रूस. मी दरवर्षी बघायला जातो.

आता मुद्द्याचं. तुमची भाची बरोबर बोलली. तुमच्या देवांना काहीही येतं म्हणून मजा येईना. पण आपल्या गोष्टींत या प्रत्येकाला काहीतरी अडचण दिलेली आहेच की, ती तुम्ही वापरलेलीच नाही. आणि गंमत म्हणजे आकाशातला खरा ग्रह बघितला तर तिथंही तीच अडचण निघते.

शनी घ्या. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, एका राशीत अडीच वर्षं मुक्काम, आधीची रास, आपली रास, पुढची रास असं तीनदा केलं की झाली साडेसाती. आता हा पोरगा टोळीत असेल तर काय होईल? सगळे यानात बसलेत आणि हा अजून चप्पल शोधतोय. पण त्याची बाजूही खरी आहे, तो सेकंदाला साडेनऊ किलोमीटरच्या वर चालतो, म्हणजे कोल्हापूर ते पन्हाळा दोन-सव्वादोन सेकंदांत. बिचाऱ्याचा रस्ताच लांबचा. त्यात कुणी पृथ्वीवरनं हाक मारली तर ती प्रकाशाच्या वेगानं गेली तरी त्याच्यापर्यंत पोचायला एक ते दीड तास लागतो, आणि लोक म्हणतात देव ऐकत नाही.

आईंना सांगा, शनीची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. त्याच्याएवढा रंकाळा मिळाला तर तो त्यात तरंगेल. पाण्यातच काय, तेलातही तरंगेल, तेव्हा शनिवारी कितीही ओता, बुडायची भीती नाही.

बुध. सूर्याच्या इतक्या जवळ की ८८ दिवसांत वर्ष संपतं, पण एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस जातात. म्हणजे एका दिवसात दोन वाढदिवस. हा पोरगा सकाळी एकदा केक मागणार आणि संध्याकाळी परत.

राहू-केतूला पुढं व्हिलन करायचा विचार असेल तर नका करू, तुमच्या कॉमिकमधली सगळ्यात भारी जोडी तीच आहे. एकाच असुराचे दोन तुकडे, राहू नुसतं डोकं, केतू नुसतं धड. भूक लागते केतूला आणि तोंड आहे राहूला! राहू खातो ते मानेतनं खाली पडतं, म्हणून तर ग्रहण सुटतं. आणि खगोलात बघाल तर हे दोघं म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते ते दोन बिंदू, कायम आमनेसामने, १८० अंशांवर. म्हणजे यानातही एक ह्या टोकाला तर दुसरा त्या टोकाला, डबा कधी एकत्र खाता येणार नाही. ह्याच्यावर दहा पानं निघतील.

सदाशिव पेठ दुसरा मजला :
माहितीपूर्ण प्रतिसाद. एक शंका, 'मी बघायला जातो' म्हणजे मसाई पठार हे दादा आहेत का? मागच्या एका धाग्यात मंगळसूत्राबद्दल लिहिलं होतं म्हणून विचारतोय.

मसाई पठार :
ताईच हाय मी. कोल्हापुरात आम्ही बायका 'मी येतो, मी जातो'च म्हणतो. बगळेदादा, तुमची यमी पण असंच बोलते का?

रंकाळ्याचा बगळा :
हो तर! पहिल्याच पानावर 'मी गाडी काढतो, तुम्ही बसा' म्हणते. पुण्याच्या एका मित्रानं लाल पेनानं गोल करून 'काढते' केलं होतं.

सदाशिव पेठ दुसरा मजला :
तो मीच असेन असं समजून माफी मागून टाकतो. पण मग सगळ्यांना कोल्हापुरी नका ठेवू हो, एखादा तरी शुद्ध बोलणारा ठेवा, त्याशिवाय बाकीच्यांचा रांगडेपणा उठून दिसणार नाही. बुधाला द्या, नाहीतरी तो बुद्धीचा ग्रह. आणि बाकीचे त्याला शुद्ध बोलतो म्हणून छळतात असं दाखवा, आम्हाला सवय आहे.

आखाड्याचा आवाज :
मंगळाविषयी कोणीच बोलेना म्हणून लिहितो. अरे मंगळ म्हणजे भूमिपुत्र, रंग लाल, स्वभाव तापट, मग तो पैलवान नाही तर कोण? त्याच्या मातीत लोखंडाचा गंज आहे म्हणून ती लाल. आपल्या हौद्यातली तांबडी माती आठवा, ताक, तेल, लिंबू, हळद घालून मळलेली. शाहू महाराजांनी खासबाग बांधलं त्याच्यासारखं मैदान मंगळावर काढा आणि तिथं कुस्ती लावा. गुरुत्व आपल्या ३८ टक्केच, म्हणजे ऐंशी किलोचा गडी काट्यावर तीस किलोच भरणार. धोबीपछाड मारली की समोरचा इतका सावकाश खाली येईल की तेवढ्यात पंच चहा पिऊन येतील.

मसाई पठार :
एक दुरुस्ती करू का? वजन कमी भरलं तरी अंगातलं वस्तुमान तेवढंच राहतं. उचलायला सोपा, पण अंगावर धावून आला की थांबवायला तेवढाच जड.

आखाड्याचा आवाज :
म्हणजे उचलणारा खूश आणि अंगावर घेणारा गार. हे तर अजून भारी झालं. घ्या की ओ बगळे.

साधा भाविक :
बाकी ठीक आहे पण शनिदेवांची थट्टा करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या घरात सध्या साडेसाती चालू आहे. माझ्याकडून काही होत नाही म्हणून नव्हे, पण उगाच विषय कशाला.

ढोलकी :
भाविकदादा, तुमचं मन दुखवायचं नाही. पण तमाशात आधी गण होतो, गणपतीला हात जोडतात आणि लगेच गौळण लागते. पेंद्या साक्षात कृष्णासमोर वाट्टेल ते बोलतो, मावशी कृष्णाला दही-दुधाच्या वाटेवर अडवल्याबद्दल झाडते, लोक पोट धरून हसतात. ह्यात कृष्ण कुठं लहान झाला? जनाबाईनं विठ्ठलाला ज्या शिव्या घातल्यात त्या इथं टाईप केल्या तर माझा आयडी उडेल. बगळे, मी एवढंच बघेन की हसू देवाच्या स्वभावाचं यावं, जसं घरातल्या पोराचं येतं. नवस बोलणाऱ्या माणसाची टर उडवली की मग ते आंबट लागतं.

साधा भाविक :
पेंद्याचं पटलं. फक्त शेवटी शनिदेवांचं काहीतरी चांगलं दाखवा म्हणजे झालं.

फर्मा सोळा :
छपाईचं सांगतो, चाळीस वर्षं शाईत हात आहेत. नुसता काळा शंभर टक्के दिला की मोठ्या भागावर असाच मळकट राखाडी दिसतो. खाली सायन ६०, मॅजेन्टा ४०, येलो ४० आणि वर ब्लॅक १०० द्या, रात्र पडल्यासारखा काळा येईल. पण अक्षरांना हे अजिबात लावू नका, अक्षर नुसत्या काळ्यातच. काळ्या आकाशावर पांढरी अक्षरं टाकणार असाल तर जाड आणि मोठी टाका, नाहीतर चार रंग केसभर जरी सरकले तरी काना-मात्रा भरून जातात. स्क्रीनवर दिसणारा चमकदार जांभळा कागदावर येत नाही, आधीच मन घट्ट करा. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्त सोडा. पानं चारच्या पटीत हवीत, चोवीस आहेत ते बरंय. आणि जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर टाईपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय असतो तो चालू करा, निम्मी पोरं तिथंच रडत येतात.

रंकाळ्याचा बगळा :
मंडळी, काय बोलू. तीन रात्री झोपलो नाही. राक्षस सगळे काढून टाकले, अस्त्रं काढून टाकली. राहू-केतूच्या डब्याचं पान झालं, मंगळाची कुस्ती झाली. नारदाला पण घेतलाय, अंतराळात हवा नाही म्हणून त्याचं 'नारायण नारायण' कुणालाच ऐकू येत नाही, बातमी सांगायची तर प्रत्येकाच्या हेल्मेटला हेल्मेट टेकवावं लागतं, मग आवाज पोचतो, त्यामुळं त्याची प्रत्येक बातमी कानगोष्टच वाटते. भाची दोनदा हसली, मोजून.

पण आता शेवट अडलाय. ही पोरं हिंडून येतात, मग काय? नुसतं घरी येऊन मार खाल्ला असं दाखवू?

मसाई पठार :
वेळ लावा त्यांना. घरी परतायची ठरलेली वेळ. आणि कोल्हापूरचा माणूस असून तुम्हाला किरणोत्सव सुचला नाही?

सूर्याचा रथ ह्या पोरांनीच नेलाय असं करा, यान नकोच, भाचीचा प्रश्नही मिटला. पोरं रथ घेऊन भटकतायत आणि इकडं अंबाबाईच्या देवळात लोक वाट बघतायत. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातनं, गरुड मंडपातनं सरळ गाभाऱ्यात जातात, पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी वर सरकतात, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. त्यात सूर्यापासून उजेड निघाला की इथं पोचायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, म्हणजे रथ मावळतीच्या तेवढा आधी जागेवर पाहिजे. आणि ऐन वेळी किरणांच्या वाटेत कुणाचं तरी डोकं येतं.

तर्री वेगळी द्या :
राहूचं!!! जाळ आणि धूर संगटच!

रंकाळ्याचा बगळा :
अंगावर काटा आला. आजच बसतो. एक विचारतो, नोव्हेंबरातला चुकला तर मग पुढचा थेट वर्षानं ना? जानेवारीतला असतो तो वेगळा का?

मसाई पठार :
तोच. सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत रोज थोडा थोडा दक्षिणेकडं मावळत जातो आणि मग परत उत्तरेकडं फिरतो. जाताना ज्या जागी मावळला त्याच जागी येतानाही मावळणारच. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर मोजा, ४१ दिवस. तिथनं पुढं तेवढेच मोजा, जानेवारी संपतो. म्हणून ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. देऊळ बांधणाऱ्यानं एकच दार साधलं, दिवस दोनदा मिळाले.

रंकाळ्याचा बगळा :
शेवटचं पान झालं, पण माझं नाही, भाचीचं आहे. मी काढलं होतं की सगळे वेळेत पोचतात, राहूला केतू ओढून बाजूला करतो (बिचाऱ्याला दिसत नाही, चाचपडत ओढतो), किरणं देवीच्या चेहऱ्यावर पडतात, घंटा वाजतात. भाचीनं चौकटी मोजल्या आणि म्हणाली, "मामा, शनी कसा काय वेळेवर आला?"

खोडलं. आता नोव्हेंबरात सगळे आहेत, शनीची जागा मोकळी आहे. पान उलटलं की देवळात झाडलोट झालेली, गर्दी नाही, उन्हं उतरलेली, आणि महाद्वारातनं शनी धापा टाकत आत येतोय, चप्पल एकच पायात, "झालं का रे सगळं?" म्हणतोय. तारीख ३१ जानेवारी. आणि त्याच्या पाठीमागनं किरणं आत शिरतायत.

साधा भाविक, बघा चालतंय का. आणि फर्मा सोळा, ते शेवटचं पान काळं नाहीच, सगळं पिवळं-केशरी आहे, त्याला काय आकडे देऊ?