टूडूला काय म्हणावं: टाचण, शेरा की ताकीद?

नव्या मुलांसाठी प्रोग्रामिंगच्या टिपा मराठीत लिहितोय, एका जागी गाडी अडली. कोडमध्ये '// टूडू: इथे जीएसटी धरायचा राहिलाय' अशी कॉमेंटची ओळ, म्हणजे राहिलेल्या कामाची आठवण, आपण टाकतो, तिला काय म्हणावं? आणि स्विफ्ट भाषेत '#वॉर्निंग' लिहून तेच कंपायलरच्या (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या) तोंडून वदवतो, त्याला? कोणीतरी 'करणीय' सुचवलं. मला ते पंचांगातलं वाटलं. दोन्हींना 'सूचना' म्हणून मोकळं व्हावं का?

* * *

सूचना नको. पाणी बंद असल्याची सोसायटीच्या फळ्यावर लागते तीही सूचनाच.

टूडूला 'टाचण' म्हणा. मास्तरांचं पाठ टाचण सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यामागचं क्रियापद बघा. पक्की शिलाई मारण्याआधी शिंपी कापड लांब लांब टाक्यांनी टाचून घेतो. ते टाके उसवण्यासाठीच असतात. टूडूचंही तेच, काम झालं की ओळ काढायची. (माझ्या कोडात चार वर्षांपूर्वीचे टाके तसेच आहेत, पण तो शब्दाचा दोष नाही.)

* * *

शेरा चालेल का?

* * *

शेरा साहेब फायलीवर मारतात, काम पुढ्यात आल्यावर. इथे कामच व्हायचंय.

* * *

टाचण मान्य. पण कंपायलर कॉमेंट वाचत नाही, म्हणून '#वॉर्निंग'ला वेगळा शब्द हवाच. 'इशारा' पुरणार नाही. हवामान खातं पावसाचा इशारा देतं, त्यात कोणाला हुकूम नसतो. 'हे व्हेरिएबल कुठेच वापरलेलं नाही' असं कंपायलर आपणहून सांगतो, तो इशारा. '#वॉर्निंग' मात्र माणसानं माणसासाठी लिहिलेली असते, कंपायलर नुसता दवंडी पिटतो. ती 'ताकीद'.

जीसीसी या कंपायलरनं सी भाषेत ही सोय कित्येक वर्षं दिली होती, भाषेच्या अधिकृत प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) ती आली थेट सी२३ या आवृत्तीत. स्विफ्टमध्ये ४.२ पासून, म्हणजे २०१८. काही प्रकल्पांत वॉर्निंगलाच एरर धरायचा पर्याय चालू असतो. तिथे ताकीद लिहिली की बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणं) पडतो, आणि मंडळी गुपचूप टाचणावर परततात.

* * *

रस्ट भाषेचं 'टूडू!' यात कुठे बसवणार? १.४० मध्ये, डिसेंबर २०१९ ला आलेला मॅक्रो, म्हणजे कंपाइल होताना ज्याच्या जागी तयार कोड येतो असा शब्द. कोड बिनबोभाट कंपाइल होतो, पण चालता चालता त्या ओळीवर आला की प्रोग्राम पॅनिक होऊन थांबतो. ही वाण्याच्या वहीतली 'बाकी'. वही मिटलेली असते तोवर काही नाही, वसुलीला माणूस दारात आला की कळतं.

त्याच्या आधीपासून 'अनइम्प्लिमेंटेड!' होताच. दोन्ही सारखेच कोसळतात, फक्त संदेशात एका शब्दाचा फरक. जुना म्हणतो 'केलेलं नाही', नवा म्हणतो 'अजून केलेलं नाही'. आजी स्वयंपाकघरातून 'व्हायचंय अजून' म्हणाली तर आम्ही पानं मांडायला घ्यायचो. नुसतं 'नाही' म्हणाली की चिवड्याचा डबा शोधायचो.

* * *

टाचण आणि ताकीद घेतले. 'बाकी'ची गंमत अशी की 'बाकी कोड ठीक आहे' या वाक्यात मुलं अडखळतील, म्हणून 'थकबाकी' करतोय. आता '#एरर' राहिलं. तिथे बिल्ड थांबतोच. 'मनाई' लिहू?

* * *

एररच लिहा हो. मुलांना तो रोज भेटतो.