सूर्य ‘पाचपट शांत’ आहे, हे फलकावर लिहावं का?

गोदाकाठ

नाशिकमध्ये दुर्बीण लावून लोकांना सौरडाग दाखवताना एक वाक्य आजकाल हमखास कानावर येतं: “आपला सूर्य त्याच्यासारख्या ताऱ्यांपेक्षा पाचपट शांत आहे.” माहितीफलकांवरही ते दिसायला लागलंय. माझ्या मते ते काढून टाकावं.

आकडा आला कुठून? २०२० साली जर्मनीतल्या माक्स प्लांक सौरमाला संशोधन संस्थेच्या गटाने ‘सायन्स’मध्ये निबंध छापला. केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या चार वर्षांच्या मोजमापांतून ३६९ तारे निवडले. पृष्ठतापमान ५५०० ते ६००० केल्विन, परिवलनकाळ (स्वतःभोवती एक फेरी घ्यायला लागणारा वेळ) २० ते ३० दिवस. त्यांच्या तेजातल्या चढउताराचा मध्यक ०.३६ टक्के निघाला, सूर्याचा ०.०७. झाले पाचपट.

पण त्याच निबंधात आणखी २५२९ तारे आहेत. तेही सूर्यासारखेच, फक्त त्यांचा परिवलनकाळ सापडला नाही, आणि त्यांची चलबिचल सूर्याइतकीच आहे! त्यांचं नाव कुणी काढत नाही. परिवलनकाळ सापडायला डाग मोठे आणि दोन-तीन फेऱ्या टिकणारे लागतात, तरच प्रकाशवक्रात (तेजाच्या काळानुसार आलेखात) ठरावीक अंतराने खोच दिसते. सूर्याचे बहुतेक डाग एक फेरी पुरी व्हायच्या आत विरतात. म्हणजे केप्लरने दुरून सूर्य पाहिला असता तर तो बहुधा याच दुसऱ्या ढिगात पडला असता. आधी डागाळलेले तारे वेचायचे आणि मग सूर्य स्वच्छ म्हणायचा, याला काय अर्थ आहे?

शुक्रतारा_सिडको

अजिबात पटलं नाही. ते ३६९ तारे त्या ढिगात का आले हे निवडीच्या दोषाने कळतं, पण असे तारे मुळात *आहेत* का, याचं उत्तर त्यात नाही. तापमान तेच, परिवलन तेच. तारा वयाबरोबर मंदावतो, परिवलनकाळ साधारण वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो हा स्कुमानिचचा १९७२ चा नियम. म्हणजे वयही जवळपास तेच. चुंबकीय क्षेत्र घडवणारी यंत्रणा सारखी असताना एक तारा ०.३६ वर आणि दुसरा ०.०७ वर, हे कोडं खरं आहे. गेल्या १४० वर्षांच्या डागांच्या नोंदींवरून सूर्याचं तेज पुन्हा उभं केलं, तरी त्याची कमाल ०.२० टक्क्यांच्या आसपासच थांबते.

शिवाय आपण सूर्याकडे जवळजवळ त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीतून बघतो, फरक फक्त ७.२५ अंशांचा. डागांचं येणंजाणं ठळक दिसायला ही सर्वांत सोयीची जागा. इतर ताऱ्यांचे अक्ष वाटेल तसे कललेले, म्हणजे त्यांची चलबिचल उलट कमी दिसायला हवी. तरीही ते पाचपट!

पंचवटी_प्रक्षेपण

टक्क्यांवर भांडण्याआधी ते कागदावर उतरवून बघा. दुर्बिणीतून कागदावर प्रक्षेपणाने १५ सें.मी. व्यासाचं सूर्यबिंब घ्या, क्षेत्रफळ साधारण १७,६७० चौ.मि.मी. दृश्य गोलार्धाच्या १००० दशलक्षांश आकाराचा डागसमूह बिंबाच्या मध्यावर आला की तो चकतीचा ०.२ टक्के भाग झाकतो. कागदावर ३५ चौ.मि.मी., म्हणजे ६ बाय ६ मि.मी. गडद गाभा आणि करडी कड धरून डागाची सरासरी तूट एक तृतीयांश धरली तर सूर्यप्रकाश सुमारे ०.०७ टक्क्याने घटतो. ०.३६ साठी त्याच कागदावर साधारण १४ बाय १४ मि.मी.चं भगदाड लागेल. एप्रिल १९४७ मधला डागसमूह ६१३२ दशलक्षांश होता, नोंदींमधला सर्वांत मोठा. तो या हिशेबाने ०.४ टक्क्यांवर जातो.

आणि हे प्रकाशमापकाने गच्चीवरून मोजायच्या फंदात कुणी पडू नका. सकाळचं धुरकं गंगापूर धरणाच्या बाजूने जरा सरकलं तरी वाचन टक्क्या-टक्क्याने हलतं. ०.०७ टक्के म्हणजे एका प्रतीचा (ताऱ्यांचं तेज मोजायच्या एककाचा) हजारावा भागही नाही. रात्री डीएसएलआरने ताऱ्याची प्रत मोजताना शतांश प्रत मिळाली तरी हात चांगला बसलाय म्हणायचं, तीही कच्च्या फाइली, फक्त हिरवी वाहिनी, किंचित विस्फारलेला फोकस आणि शेजारचा त्याच रंगाचा तुलना-तारा घेतला तर.

गोदाकाठ

@शुक्रतारा, १९४७ चा आकडा बघितलात ना? सूर्यालाही जमतं.

शुक्रतारा_सिडको

एका दिवसाची खोच आणि चढउताराचा आवाका यांची गल्लत करताय. तो आवाका काढताना सगळे बिंदू चढत्या क्रमाने लावून वरचे ५ आणि खालचे ५ टक्के सोडून देतात. आठवडाभराची खोच त्यात हरवते. शिवाय डागांभोवतीच्या फॅक्युली, म्हणजे उजळ पट्टे, बरीचशी भरपाई करतात. म्हणून तर सौरचक्राच्या (डाग वाढण्या-घटण्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राच्या) ऐन भरात, सगळीकडे डाग असताना, सूर्य सुमारे ०.१ टक्का *जास्त* उजळ असतो. तरुण, चपळ ताऱ्यांचं उलटं: सक्रियता वाढली की ते मंद होतात.

त्र्यंबक_रात्र

दोघांनाही एकेक अडचण देतो.

शुक्रतारा, स्कुमानिचच्या नियमावर वयाची हमी देऊ नका. २०१६ मध्ये व्हॅन सॅडर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मध्यमवयात ताऱ्याचा चुंबकीय ब्रेक ढिला पडतो आणि परिवलन फारसं मंदावत नाही. म्हणजे २५ दिवसांचा तारा सूर्यापेक्षा बराच म्हातारा असू शकतो. धातूंचं (खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड सगळ्या मूलद्रव्यांचं) प्रमाणही बघा. एचडी १७३७०१ हा तारा वयाने, वस्तुमानाने सूर्यासारखा, पण धातू दुप्पट, आणि त्याच्या तेजातला बदल सूर्यापेक्षा ठळक.

गोदाकाठ, तुमची बाजूही पूर्ण निभत नाही. परिवलनकाळ न सापडलेल्या २५२९ मध्ये सूर्यासारखं परिवलन नसलेलेही असणार. त्यांच्याशी सूर्य जुळला म्हणून तो ‘सर्वसामान्य’ ठरत नाही. वृक्षवलयांतला कार्बन-१४ आणि हिमस्तरांतला बेरिलियम-१० (सूर्य सक्रिय असला की दोन्ही कमी बनतात) घेऊन गेल्या ९००० वर्षांची सक्रियता उभी केली आहे, तीत आजच्या कितीतरी पट अशी उसळी नाही. अर्थात ४.६ अब्ज वर्षांपुढे ९००० म्हणजे काहीच नाही.

गोदाकाठ

मग फलकावर लिहा: “परिवलनकाळ मोजता आलेल्या ताऱ्यांपेक्षा सूर्य कमी चंचल, परिवलनकाळ न सापडलेल्यांसारखाच.” लांब आहे, पण खरं आहे.

पंचवटी_प्रक्षेपण

फलकाजवळ उभं राहून हे कोण वाचणार, भाऊ! त्यापेक्षा ते दोन चौकोन काढा, ६ आणि १४ मि.मी.चे, शेजारी त्या दिवशीचं प्रक्षेपण.

शुक्रतारा_सिडको

चौकोन चालतील. पण वाद आकड्यांचा आहे, तर तो आकड्यांनीच मिटवू. केप्लरची मोजमापं मोफत उतरवता येतात, पायथॉनमधली लाइटकर्व लायब्ररी पुरते. तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, दर तिमाहीला यान ९० अंश वळायचं आणि तारा वेगळ्या सीसीडीवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पडायचा. तुकडे जोडताना प्रत्येकाला वेगळं नॉर्मलाइज केलं (त्याची सरासरी एकाच पातळीवर आणली) की वर्षानुवर्षांचा बदल पुसला जातो. म्हणून सौरचक्रासारखं चक्र यात शोधूच नका, परिवलनाचीच चलबिचल बघा. दुसरं, वैश्विक किरण आदळून पिक्सेलची संवेदनशीलता एकदम घसरते, ती पायरी डागासारखी दिसते. तिसरं, पिक्सेल चार विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्यामुळे शेजारच्या ताऱ्याचा उजेड मिसळतो. फाइलीच्या शीर्षकात ‘क्राउडसॅप’ हे गुणोत्तर (एकूण उजेडात त्या ताऱ्याचा वाटा) असतं, ०.९ च्या खालचे तारे बाजूला काढा.

एवढं करून ३६९ मधून उरलेल्यांचा मध्यक पुन्हा काढा, गोदाकाठ. तो ०.२० च्या खाली आला तर फलक मी स्वतः उतरवतो. नाही आला तर राहू द्या तसाच.