मदत हवी आहे: ७८ची पद्मिनी, तीन दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते

मंडळी, गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ची, १०८९ सीसी, बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनॅमोच आहे. बाबांनी बुकिंगला नंबर लावून घेतलेली. आता मी चालवते, म्हणजे रविवारी पहाटे ठाण्यातच, नौपाड्याहून उपवनपर्यंत आणि परत.

तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टक् करतो. मग सोसायटीचा वॉचमन आणि दूधवाला धक्का मारतात. दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की पाचेक फुटांत सुरू होते. बॅटरी दीड वर्षात दोनदा बदलली.

दुसरी भानगड म्हणजे डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवासुद्धा मिणमिण लुकलुकतो आणि पेट्रोलचा काटा त्याच तालावर नाचतो. उजव्या बाजूला असं काही होत नाही. पावसाळ्यात हे जास्त जाणवतं.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निदान सांगितलं, "मॅडम, डायनॅमो काढा, आल्टरनेटर मारून टाका, आणि पूर्ण वायरिंग नवी." खर्च ऐकून बाबा तासभर कुणाशी बोलले नाहीत. म्हणून स्वतः मीटर घेऊन बसले. आकडे असे:

रात्रभर उभी, बॅटरी पूर्ण चार्ज: १२.६ व्होल्ट
आयडलवर (इंजिन चालू, रेस न देता): १२.३, लाल चार्जिंग दिवा मंद पेटलेला
रेस दिल्यावर: १४.१, दिवा विझतो
हेडलाईट लावून आयडलवर: ११.८
इग्निशन बंद, निगेटिव्हची क्लॅम्प काढून मध्ये मीटर: ०.३८ अँपिअर

(मीटर असा मध्ये जोडलेला असताना सेल्फ मारू नका. माझा पहिला मीटर त्यातच गेला.)

डायनॅमो खरंच गेलाय का? आल्टरनेटर बसवायचाच असेल तर बसवू, पण कारण कळल्याशिवाय नको.

प्रतिसाद:
ताई, डायनॅमो ठणठणीत आहे. १४.१ देतोय, अजून काय पाहिजे? डायनॅमो आयडलला जवळजवळ काही देत नाही, त्याचा स्वभावच तो. हेडलाईटला कुणी ६०/५५चे (अप्परला ६० वॅट, डिपरला ५५) हॅलोजन बसवले असतील तर नुसत्या डिपरला दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे ९ अँपिअर लागतात. माजिवड्याच्या जॅममध्ये तासभर उभी राहिलात तर तेवढे ९ अँपिअर-तास बॅटरीतूनच जाणार. संध्याकाळी घोडबंदर रोडला रोज जायचं असेल तर आयडललाही चार्ज देणाऱ्या आल्टरनेटरचा विचार करा. रविवारच्या पहाटेसाठी कशाला?

तुमचा चोर ०.३८वाला आहे. बहात्तर तासांत साधारण २७ अँपिअर-तास होतात. छोट्या बॅटरीत उरणार काय? बारा व्होल्टला हे साडेचार-पाच वॅट, म्हणजे एक लहान बल्ब कायम पेटलेला असल्यासारखं आहे. मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज काढा. आकडा पडला की ती लाईन धरा.

प्रतिसाद:
कटआउट (इंजिन बंद झालं की डायनॅमो बॅटरीपासून तोडणारा स्विच) चिकटला तरी बॅटरी उतरते, पण तेव्हा मीटरवर कितीतरी जास्त अँपिअर दिसतील आणि डायनॅमो गरम लागेल. त्यामुळे इथे तो नसावा. गाण्यांचा टेप बाहेरून बसवलेला आहे का? असेल तर आधी तो बघा, फ्यूज नंतर.

धागाकर्ती:
टेप आहे! आधीच्या एका वायरमनने डॅशखाली पिवळी आणि लाल वायर पिळून एकत्र केली होती, वर काळी चिकटपट्टी, तीही उन्हाने चिघळून बोटाला लागत होती. टेपला पिवळी कायम सप्लाय आणि लाल चावीवरची असते हे मला आज कळलं. लाल सोडवून चावीवर घेतली. आता ०.०१ दाखवतोय. बाबांनी तीनदा बघितला.

प्रतिसाद:
छान. आता काट्याचं. हा वेगळाच आजार आहे, अर्थिंगचा. मागच्या डाव्या दिव्याला अर्थची, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट मिळत नाही, म्हणून इंडिकेटरचा करंट शेजारच्या बल्बमधून आणि टाकीच्या अर्थमधून परत जायला बघतो. डिकीचा मॅट उचला. होल्डरचा स्क्रू गंजलेला निघेल. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, वायरच्या टोकाची थिंबल नवी लावा, वरून व्हॅसलिन.

आणि जाता जाता, इंजिन रबरावर बसलेलं असतं. बॉडी-इंजिन जोडणारी विणलेली पट्टी तपासा. मीटरचा एक प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२च्या वर दिसलं तर पट्टी बदला. या वेळी मीटर व्होल्टवरच ठेवा हां.

धागाकर्ती:
०.९ आलं! पट्टीचे अर्धे धागे हिरवे पडून तुटलेत. उद्या आणते. डिकीतला स्क्रू मात्र हलतच नाही, डब्ल्यूडी-४० मारून ठेवलंय रात्रभर. काटा अजून नाचतोय. टाकीतल्या, काट्याला पातळी कळवणाऱ्या फ्लोटला वेगळी अर्थ वायर ओढावी का, की आधी दिव्याचंच होऊ दे?