मे महिन्यात दुबई, सोबत पोरं आणि सासूबाई: जाऊन आलेल्यांनी लिहा

बावधनकरीण
नमस्कार मंडळी. घरात सध्या एकच विषय चालू आहे. नवऱ्याच्या डोक्यात मेच्या सुट्टीत दुबईचं भूत शिरलंय. लेक नऊ वर्षांची, तिच्या वर्गातले अर्धे म्हणे जाऊन आलेत, धाकटा चार वर्षांचा, त्याला फक्त पेंग्विन बघायचेत, आणि सोबत सासूबाई, वय ७१, गुडघे कुरकुरतात. माझं म्हणणं एवढंच की इथे पुण्यात ४० झालं की आपण पडदे ओढून पंख्याखाली पडतो आणि मग वर पैसे भरून वाळवंटात कशाला जायचं? दिवाळीनंतर जाऊ. तर तो म्हणतो तेव्हा हॉटेलं महाग आणि त्याला रजा नाही. मे-जूनमध्ये लहान मुलं किंवा वयस्कर माणसं घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे हे मला माहितीये, ते नको. दुपारी बारा ते पाच तुम्ही काय केलंत ते सांगा.

सिंहगडरोडवाला
आम्ही मे अखेरीस गेलो होतो, बायको, दोन मुलं आणि माझे आई-बाबा. लोहगावहून थेट फ्लाइट मिळाली, साडेतीन तासांच्या आसपास लागतात, घड्याळ दीड तास मागे, त्यामुळे पोरं पहिल्या दिवशी पहाटेच टुणकन उठून बसली आणि ते पथ्यावरच पडलं, कारण बाहेर फिरायचं तर नऊच्या आत नाहीतर दिवस कलल्यावर.

बारा ते पाच म्हणाल तर मॉल. दुसरं उत्तर नाही. पण मॉल म्हणजे आराम असं समजू नका. दुबई मॉलला मेट्रोने गेलात तर स्टेशनपासून पूर्ण एसी पूल आहे, पण तो ८०० मीटरच्या वर आहे, सरकते पट्टे आहेत मधेमधे, तरी आईने निम्म्यात "अजून किती रे" विचारलंच, आणि मॉलमध्ये शिरल्यावर खरं चालणं सुरू होतं. आत व्हीलचेअर मिळते, सासूबाई नको म्हणाल्या तरी घ्या. आमच्या बाबांनी आधी नाक मुरडलं आणि मग संध्याकाळपर्यंत उठले नाहीत त्यातून. मत्स्यालयाची ती अवाढव्य काच बाहेरून फुकट दिसते, आमची पोरं तिथेच शार्क मोजत बसली, आतल्या बोगद्याचं तिकीट काढलंच नाही.

पेंग्विन मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये, स्की दुबईत. आत शून्याच्या खाली तापमान, जॅकेट-बूट तिथे देतात, पायमोजे घरून जाडे न्या. पेंग्विन कधी बाहेर आणतात ती वेळ आधी विचारा नाहीतर चार वर्षांचा गडी बर्फात भोकाड पसरेल. आणि तिथून बाहेर रस्त्यावर आलात की चष्म्यावर एकदम धुकं चढतं, फोनच्या कॅमेऱ्यावर पण, आमचे निम्मे फोटो दुधाळ आलेत.

बुर्ज खलिफाची उंची सांगत नाही, पण वरून काय दिसतं ते सांगतो. उन्हाळ्यात धूळ असते, दुपारी खाली सगळं पांढरट धुरकट. सूर्यास्ताचा स्लॉट महाग. आम्ही रात्रीचा घेतला, खाली दिवेच दिवे, पोरं खूश.

एकेकाळी_शारजा
लग्नानंतरची बरीच वर्षं शारजात काढलीत, आता औंधात. लोक "उन्हाळा" म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात ते चूक आहे. मेचा पहिला भाग वेगळा, जुलै वेगळा. मेमध्ये दुपारी ३८-४० पर्यंत जातं पण हवा त्यामानाने कोरडी, संध्याकाळी बसता येतं. जून सरला की दमटपणा चढतो, जुलै-ऑगस्टमध्ये मध्यरात्रीसुद्धा पारा तिशीखाली उतरत नाही. नळाला थंड पाणी येतच नाही कारण गच्चीवरच्या टाक्या तापलेल्या, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी थंड म्हणून वापरायचो. म्हणजे उलटा कारभार. स्वीमिंग पूलचं पाणी गार ठेवतात का हे हॉटेल बुक करतानाच विचारा, नाहीतर पोरं पूल पूल करतात आणि पाणी असतं वरणासारखं.

१५ जून ते १५ सप्टेंबर तिथे उघड्यावरच्या कामगारांना दुपारी साडेबारा ते तीन काम करायला कायद्यानेच बंदी आहे. यावरून काय ते समजा. ताई, तुम्ही मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर मी हो म्हणेन. शाळा जूनमध्ये उघडतायत म्हणून शेवटच्या आठवड्यात घुसवणार असाल तर विचार करा. ईदची सुट्टी कधी येतेय ते पण बघा, त्या दिवसांत सगळी अख्खी गर्दी मॉलमध्येच असते.

दुसरं म्हणजे काय बंद असतं ते. ग्लोबल व्हिलेज (देशोदेशींच्या दुकानांची मोठी जत्रा) आणि मिरॅकल गार्डन (फुलांची बाग) हे दोन्ही हिवाळ्याचे खेळ, उन्हाळ्यात बंद. तरी एजंट लोक ब्रोशरवर फुलांचेच फोटो टाकतात. तारखा स्वतः बघा.

सामानात खसखस अजिबात नको, तिथे ती बंदी असलेल्या मालात मोडते. अनारसे, खसखस घातलेले लाडू, काहींच्या घरच्या मसाल्यातही असते, सगळं घरी ठेवा. सासूबाईंची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. कोडीन किंवा ट्रामाडॉल (ही तीव्र वेदनाशामकं) असलेलं काही असेल तर आधी परवानगीचं बघा, तिथे हे प्रकरण फार कडक आहे. आणि व्हॉट्सअपवरून व्हिडिओ कॉल लागत नाही, मेसेज जातात, तेव्हा इकडे कुणी फोनची वाट बघत बसणार असेल तर सांगून ठेवा.

आजोबा_सहकारनगर
वय वर्षे ७४. मुलाने हौसेने टूर कंपनीच्या ग्रुपमधून नेले. कंपनीचे नाव घेत नाही. जूनचा पहिला आठवडा. सकाळी नऊला बस निघणार म्हणून आम्ही पावणेनऊला खाली, इतर मंडळी साडेनऊला डुलत येणार, त्यामुळे सगळे गणित कोलमडून त्या जहाजाच्या शिडासारख्या हॉटेलासमोर, बुर्ज अल अरबच, समुद्रावर फोटोसाठी उतरवले तेव्हा बरोब्बर साडेबारा वाजले होते. वाळूवरून पाय उचलवत नव्हते. हिने बसमधून उतरायला साफ नकार दिला आणि ती शहाणी ठरली. जेवण तीनला. रोज दाल फ्राय.

पण तक्रारीच करतो असे वाटू नये. एका संध्याकाळी ग्रुपला शॉपिंगला सोडले, आम्ही दोघे आणि मुलगा बर दुबईच्या धक्क्यावर गेलो आणि अब्रामध्ये बसलो. अब्रा म्हणजे लाकडी होडी, मधोमध फळी, तिच्यावर पाठीला पाठ लावून बसायचे, तोंड पाण्याकडे, कठडा वगैरे काही नाही, डिझेलचा वास. एक दिरहॅम. खाडी ओलांडून देइराला. पलीकडे मसाल्यांचा बाजार, सोन्याचा बाजार. वारा लागतो अंगाला. सगळे मजूर, दुकानात काम करणारे लोक आपापल्या घरी चाललेले. आम्ही तसेच परत आलो आणि पुन्हा गेलो. मुलगा वैतागला.

अबुधाबीचे मंदिर (बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेचे, १४ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालेले) आणि शेख झायेद मशीद दोन्ही एका दिवसात दाखवले. मंदिराची सात शिखरे सात अमिरातींची म्हणून. राजस्थानी गुलाबी दगड, कोरीव काम निवांत बघण्यासारखे. मशिदीत बायकांनी डोके झाकायचे, अंगभर कपडे, प्रवेश फुकट पण ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. एका दिवसात दोन्ही म्हणजे जाऊन-येऊन तीन तासांची बस आणि शिवाय चालणे. गुडघे असलेल्या माणसाने यातले एकच निवडावे.

दोनपोरांचीआई
डेझर्ट सफारी!! यावर कुणीच कसं लिहिलं नाही. आम्ही पण मेमध्येच. गाडी वाळूत शिरायच्या आधी थांबते, ड्रायव्हर उतरून चारही टायरमधली हवा सोडतो, फुस्स आवाज येतो, तेव्हा माझा सहा वर्षांचा विचारतोय आई टायर पंक्चर झालं का, आम्ही हसतोय, आणि दहा मिनिटांत तोच पोरगा माझ्या पर्समधल्या पिशवीत दुपारचे छोले ओकतोय. मागच्या सीटवरची वन्स पण हिरवीपिवळी. तेव्हा दुपारी हलकं खायला द्या, अॅवोमिन आधी, लहान मुलाला मधल्या सीटवर. गरोदर बाईने किंवा पाठीचा-मणक्याचा त्रास असलेल्याने यात बसूच नये, एजंट "काही होत नाही मॅडम" म्हणेल. सासूबाईंना घेऊ नका ताई. काही सफारीवाले वाळूच्या टेकड्यांवरच्या उड्या टाळून थेट कॅम्पवर नेतात, तसं आधी ठरवून घ्या. कॅम्पवर जेवण, नाच, आगीचे खेळ, मोकळ्यावर गालिच्यावर बसायचं, घामाने सगळं चिकट, पण आकाश मोठं दिसतं. मुलगी अजून त्याबद्दलच बोलते, तिला मॉल आठवत पण नाहीत.

हिशेबी_कोथरूड
पैशाचं कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. उन्हाळ्यात तिथली हॉटेलं हिवाळ्यापेक्षा स्वस्त हे खरं, पण आपल्याकडे मेची सुट्टी असल्याने विमान मात्र महाग, म्हणजे उजव्या खिशातलं वाचलं ते डाव्यातून गेलं. हॉटेलच्या रेटवर खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहॅम टुरिझम दिरहॅम म्हणून वेगळे लावतात, स्टारनुसार. पॅकेज घेतलं तर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापतात, रिटर्नमध्ये क्लेम करायला विसरू नका. मेट्रोला नोल कार्ड काढा, डब्यात खाल्लंप्यायलं तर १०० दिरहॅम दंड, पोरांना आधीच दम देऊन ठेवा. बायका-मुलांचा वेगळा डबा असतो, चुकून मी त्यात उभा नको राहायला म्हणून बायको सारखी बघत होती.

आणि सोनं. कस्टमची दागिन्यांची सवलत वर्षाहून जास्त तिकडे राहून परत येणाऱ्यांना असते. चार रात्री राहून आलेल्यांना नाही. काकवा-मावश्यांची लिस्ट घेऊन जाऊ नका.

बावधनकरीण
बाप रे केवढं लिहिलंत, थँक्यू सगळ्यांना. सोन्याची लिस्ट खरंच तयार होती, नणंदेची.

लेकाकडे_अमेरिकेत
दुबईचं माहीत नाही पण त्याच जातीचं एक शहर बघून आलो, लास व्हेगास, जुलैमध्ये, नातवंडं बरोबर. तिथे कोरडी भट्टी, ४२-४३ वगैरे, घाम दिसतच नाही, जागच्या जागी वाळतो, त्यामुळे पाणी प्यायचं भान राहत नाही. बेलाजिओच्या समोरचं कारंजं फुकट, ते नातवंडांनी रात्री दोनदोनदा बघितलं. पण हॉटेलात खोलीकडे जायला सुद्धा कसिनोतून जावं लागतं, २१ च्या खालच्यांना तिथे रेंगाळायची परवानगी नाही, पोरं मशीनचे दिवे बघून थांबतात आणि आपण त्यांना ओढत न्यायचं. वर रिसॉर्ट फी म्हणून रोज वेगळे डॉलर. त्यामानाने दुबई मुलांसाठी पुष्कळ बरी असावी असं तुमचं सगळं वाचून वाटतंय. व्हेगास हे मोठ्यांचं गाव आहे, मुलांना आपण उगाच नेतो.

आंबे_आणि_कोकण
मे महिन्यात माणसाने आंबे खावेत आणि गुहागरला पडून राहावं. दुबई काय पळून जातेय? (माझी बायको हे वाचत असेल तर: हो, जाऊ आपण, जानेवारीत.)

एकेकाळी_शारजा
@आंबे_आणि_कोकण जानेवारीत शाळा आहे हो. तिथेच तर घोडं अडतं ना सगळ्यांचं.

ताई, तुमच्या जागी मी असते तर हॉटेल बर दुबईत मेट्रोच्या अगदी जवळ घेतलं असतं, बरजुमान किंवा अल फहिदीच्या आसपास. तिथे शाकाहारी जेवण पावलापावलावर मिळतं, मीना बाजार चालत, आणि आजोबा म्हणतात ती अब्रा पण तिथेच. मुख्य म्हणजे दुपारी सगळ्यांना खोलीवर आणून झोपवता येतं. एका दिवसात एकच मोठं ठिकाण ठेवा आणि ज्या दिवशी नवरा आणि लेक सफारीला जातील त्या दिवशी तुम्ही, सासूबाई आणि धाकटा पेंग्विनकडे. फॅमिली ट्रिप आहे म्हणून पाचही जणांनी सगळीकडे जायलाच पाहिजे असा काही नियम नाही.

बावधनकरीण
हे वेगळं वेगळं जायचं डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, छोल्यांच्या भागाला तो गप्प झाला. आता मेच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटं बघतोय, आणि दर जमला नाही तर गुहागर, असं दोघांनी कबूल केलंय. सासूबाईंचा एकच प्रश्न आहे, मेतकूट चालतं का न्यायला?

एकेकाळी_शारजा
चालतं. पाकीटबंद न्या, वर नाव छापलेलं असलं की विमानतळावर समजवत बसावं लागत नाही.